चौथा अल्बम, शेवटपर्यंत

उजव्या हाताचं पहिलं बोट वर, डोळे अर्धे मिटलेले, कान स्पीकरकडे. "थांब. आता येते."

काय येते, ते आमच्या राळेगावात कित्येक वर्षं कोणाला कळलं नाही. ते यायच्या आतच कोणीतरी येऊन म्हणायचं, "ओ भाऊ, बंद करा ना ते!"

हे बोट साउंडवाल्या चाचांचं. त्यांची ओळख करून द्यायची तर आधी आमच्या घराचं सांगावं लागेल.

माझे बाबा मांडववाल्याकडे कामाला होते. बांबू रोवायचे, कापड ताणायचं, लग्न लागलं की सगळं उतरवायचं. आई त्याच लग्नांत पुऱ्या लाटायची. लग्नसराईत दोघांना काम आणि मला बुंदीसकट जेवण. लग्नं थांबली की आमचं घरही थांबायचं. पावसाळ्यात आई लोकांच्या शेतात निंदायला जायची, बाबा मिळेल ते करायचे, तरी काही संध्याकाळी चूल पेटत नसे. आई म्हणायची, "आज पोटाले सुटी." आम्ही हसायचो. हसून झाल्यावर भूक होती तेवढीच असायची. राहायला टिनाची एक खोली होती. तिच्यात एक बल्ब होता. त्याचं कनेक्शन कुठून आलं होतं ते विचारू नका. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. खरं तर दहावीपर्यंतही कोणी पोचलं नव्हतं.

त्यामुळे माझा अभ्यास दुसऱ्यांच्या मांडवात झाला. मांडव उभा राहिला की पाहुणे येईपर्यंत ती सगळी जागा माझी असायची. शंभर खुर्च्यांतली वाटेल ती घ्या, पंख्याखालची घ्या. आवाज मात्र चाचांचा.

मांडवात काम करणाऱ्या लोकांचा एक कायदा आहे. कुठे लिहिलेला नाही, पण पक्का. शेवटची दोरी बांधली की पहिला पाहुणा येईपर्यंत माइक साउंडवाल्याचा. त्या वेळात काय वाजवायचं, हे नवरदेवाचा बापही सांगत नाही. याला टेस्टिंग म्हणतात. बाकीचे साउंडवाले "हॅलो, हॅलो" करतात आणि चहाला जातात. आमचे चाचा छत्रीवाल्यांना लावायचे.

छत्रीवाले म्हणजे परदेशातला एक बँड. त्याचं खरं नाव भलतंच लांब होतं, ते आम्ही कोणी वापरलं नाही. पहिल्या अल्बमच्या कव्हरवर चार माणसं भर उन्हात, कोरड्या वावरात, उघड्या छत्र्या धरून उभी होती. म्हणून छत्रीवाले. चाचांनी नागपुरातून एक वापरलेला डेक आणला, त्याच्यासोबत दुकानदाराने पिशवीभर सीड्या अशाच देऊन टाकल्या. त्यात यांचे पाच अल्बम. पहिला लावला तेव्हा चाचांना वाटलं डेक बिघडलेला निघाला. दोन दिवस त्यांनी तो खोलून पाहिला. मग लक्षात आलं की डेक ठीक आहे, माणसंच तशी आहेत.

"अन् मंग?" मी एकदा विचारलं होतं.

"मंग काय बेटा. दोन दिवस आयकल्यावर बंद करवेना."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, जो प्रत्येक गोष्टीत आपल्या आवडीचा विषय आणून बसवतो. पण त्याच्या आवडीत गावातली निदान दहा माणसं तरी असतात. आमच्या तालुक्यात छत्रीवाल्यांचे रसिक तीन. चाचा, बाबा आणि मी. आणि तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

चाचांचं मत ठरलेलं. "पहिल्यात पोट्टे हायेत. भूक हाय, घाई हाय. टिनावर गारा पडल्यावानी वाजवते. दुसऱ्यात शिकून राह्यले. तिसऱ्यात थोडे येडे झाले. चौथ्यात पुरे येडे झाले. चौथा एक नंबर."

"आणि पाचवा?"

"पाचव्याचं नाव नको काढू. सुधरले ते. कोट घातले. कव्हर पाह्य, एकाच्याही हातात छत्री नाही."

बाबांना दुसरा आवडायचा. दुसऱ्यात एक गाणं आहे, त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिलाई मशीन चालू असते. बाबा बांबूवर चढलेले असायचे आणि वरूनच ओरडायचे, "भाई, यात कोणीतरी काम करून राह्यलं! बाकीच्यात नुसतेच बोंबलून राह्यले!"

"भाऊ, तुमी दोरी बांधा. संगीत मी पायतो."

"दोरी बांधता बांधताच आयकून राह्यलो ना! दुसराच चांगला!"

माझं मत तिसऱ्याला. तिसऱ्यात एक कुत्रं गातं. खरंखुरं कुत्रं, आणि बरोब्बर ठेक्यावर भुंकतं. चाचा म्हणायचे, "त्या कुत्र्याले त्या चौघांपेक्षा जास्त समजते." हाच अल्बम कळंबकडच्या एका लग्नात टेस्टिंगला लावला, आणि त्या कुत्र्याने सूर धरल्याबरोबर गावातल्या सगळ्या कुत्र्यांनी धरला. आधी लांबून उत्तरं आली. मग ती मंडळी स्वतःच आली. मांडवाच्या दारात रांगोळीवर बसून माना वर करून सगळी गाऊ लागली. तेवढ्यात नवरदेवाचा घोडा आला, त्याने हे पाहिलं आणि आल्या वाटेने परत गेला. नवरदेव वर होता. त्याला आणायला मोटरसायकल पाठवावी लागली. नवरीचा मामा चाचांच्या अंगावर धावून आला, "हे काय लावलं तुमी? लगन हाय का कोंडवाडा?"

चाचांचं बोट वर होतं, अल्बम कोणताही असो ते वरच असायचं. "थांबा. आता येते."

"काय येते? घोडा गेला ना!"

बंद करावं लागलं. अर्थात हे आमच्या बाजूने सांगितलं. घोड्याची बाजू वेगळी असू शकते.

शाळेच्या कार्यक्रमांतही चाचाच असायचे. आमचे मुख्याध्यापक फार कडक. टेबलावरचा हार वाकडा असला तरी कार्यक्रम थांबवायचे. निवृत्त झाल्यावरही तालुक्यात कुठेही काही असलं की अध्यक्षाच्या खुर्चीवर तेच. त्यांनी एकदा पहिला अल्बम अर्धा मिनिट ऐकला आणि चाचांना जवळ बोलावून हळूच विचारलं, "भाई, घरी सगळं ठीक आहे ना?"

हे सगळं चाचा हसण्यावारी न्यायचे. एक गोष्ट मात्र त्यांना लागायची. चौथा अल्बम कोणी पूर्ण ऐकला नव्हता. टेस्टिंगला तेवढा वेळ कधीच मिळायचा नाही. तिसरं-चौथं गाणं आलं की पहिला पाहुणा हजर. तो नेमका नवरीचा काका नाही तर नवरदेवाचा फुफा असायचा, आणि त्याला नेमकं नागिनचं संगीत हवं असायचं. चाचा बोट खाली घ्यायचे, सीडी काढायचे, सदऱ्याला पुसून खोक्यात ठेवायचे.

"चाचा, माझ्या घरी लावू ना," मी म्हणायची. "आपण तिघं ऐकू."

"नाही बेटा. चौथा लहान डब्यावर वाजवाचा नसते. त्याले वर मोकळं आभाळ लागते, दोन्ही बाजूले मोठे बॉक्स लागते, अन् समोर माणसं लागते. आपण तिघं काय, आपण तर हावोतच. एकदा चार परक्या लोकायनं बसून आयकावा. बस, एकदा."

"अन् शेवटी काय येते?"

"सांगून टाकलं तर मंग येईन काय?"

मी बारावी झाले आणि यवतमाळला कॉलेजात गेले. ज्या दिवशी निघाले त्या दिवशी आईने बसमध्ये डबा दिला, बाबांनी खिडकीतून पिशवी दिली आणि चाचांनी सल्ला दिला. "तिथं कोणी विचारलं तं चौथा सांगजो. तिसरा सांगशीन तं लोक म्हणतीन, राळेगावची पोरगी कुत्रं आयकते."

कोणीच विचारलं नाही. शेवटी होस्टेलमध्ये नागपूरची एक मुलगी भेटली, जिला छत्रीवाले माहीत होते. माझा आनंद गगनात मावेना. मी धावत पहिला प्रश्न विचारला. ती म्हणाली, पाचवा. पाचवाच सगळ्यात भारी, आधीचे चार म्हणजे नुसता गोंधळ. मी चाचांना फोन लावून हे सांगितलं.

मग चाचा काळजीच्या आवाजात म्हणाले, "त्या पोरीले जेवण बरोबर भेटते काय?"

मोबाईलवर मला चौथा अल्बम सहज सापडला होता. ऐकला मी. शेवटची दोन गाणी सोडून. बोट तिथपर्यंत जायचं आणि थांबायचं. त्या मोबाईलच्या एवढ्याशा छिद्रातून ते येऊन जावं, हे मला बरं वाटेना.

इकडे गावात डीजेच्या गाड्या आल्या. ट्रकभर बॉक्स, लाल-निळे दिवे, धूर. त्यांना टेस्टिंग लागत नाही, ते वाजतच येतात आणि वाजतच जातात. चाचांकडे बारसं, भागवत सप्ताह, शाळेचं झेंडावंदन एवढं उरलं. सप्ताहाच्या टेस्टिंगला छत्रीवाले लावायचे नाहीत, एवढी रीत ते पाळायचे. उमरखेडला त्यांची मुलगी दिली होती. ती म्हणाली, "अब्बा, बस झालं. इकडं या." माझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षा चालू होत्या तेव्हा कळलं की चाचांनी सामान एका डीजेवाल्याला द्यायचं ठरवलं आहे.

मी बी.ए. झाले. पहिल्या श्रेणीत. हे मी जरा मोठ्याने लिहिते आहे, लिहू द्या.

निकाल ऐकून बाबा उठले. बाहेर जाऊन अंगण पावलांनी मोजायला लागले. आईने विचारलं, "काय करून राह्यले?"

"जिंदगीभर लोकायच्या दारात मांडव घातला. आता आपल्या दारात घालतो."

"कायचा मांडव?"

"पोरीच्या बी.ए.चा."

असा मांडव गावात याआधी कोणी घातला नव्हता, त्यामुळे गावाने आपला अर्थ लावला. बांबू पडल्याबरोबर शेजारीण येऊन आईला म्हणाली, "साक्षगंध ठरलं, अन् सांगतलंही नाही? पोरगा कुठचा?"

"पोरगा नाही वो बाई, डिग्री."

"ते ठीक हाय. पण पोरगा काय करते?"

साउंड अर्थातच चाचांचा. सामान दुसऱ्या दिवशी डीजेवाल्याकडे जाणार होतं, म्हणजे हे त्यांचं शेवटचं काम. सकाळीच ते बॉक्स लावायला आले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "चाचा, आज चौथा. पूर्ण."

"येडी झाली का? लोकं जेवाले येते, आयकाले नाही. तुह्या दिवसाची माती करू का मी?"

"माझा दिवस आहे ना? मग मी सांगते."

ते वायर सोडवत बसले. वर पाहिलं नाही. "उठून जातीन सारे."

तेव्हा चुलीजवळून आई बोलली. "भाईजान, कोणी कुठी जात नाही. तुमचं होयेपर्यंत मी पुरी तळत नाही."

वीस वर्षं दुसऱ्यांच्या कढईपुढे बसलेल्या बाईला कढईची ताकद बरोबर माहीत होती.

पाहुणे आले, बसले. अध्यक्षांच्या खुर्चीवर मुख्याध्यापक. पहिल्या रांगेत आमचे फुफाजी, म्हणजे बाबांच्या बहिणीचे मिस्टर, जे प्रत्येक कार्यक्रमात आधी जेवणाचा अंदाज घेतात आणि मग यजमानाला भेटतात. चाचांनी सीडी सदऱ्याला पुसली आणि लावली.

पहिल्या गाण्याला सगळ्यांना वाटलं टेस्टिंग आहे. दुसऱ्याला वाटलं बिघाड आहे. तिसऱ्याला फुफाजी उठून चुलीकडे गेले, कोरडी कढई पाहून परत आले आणि जड आवाजात सगळ्यांना म्हणाले, "टाइम हाय." पाचव्या गाण्यात चौघांपैकी एकजण नुसता रागावतो, कोणावर ते कळत नाही. मागच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "याचं बरोबर हाय." सहाव्यात पातेली आपटतात. आईने मान हलवली. पातेली तिला समजतात. बाबा खांबाला टेकून उभे होते आणि तोंडाने म्हणत होते, दुसराच चांगला, पण पाय हलत होता.

अशी दहा गाणी गेली. कोणी उठलं नाही. मग अकरावं आलं, आणि काहीच वाजलं नाही.

मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. चौथ्या अल्बममधलं शेवटून दुसरं गाणं म्हणजे नुसती शांतता. छत्रीवाले त्यात काहीच वाजवत नाहीत. चाचा मशीनमागे उठून उभे राहिले, हात समोर धरले, मान खाली घातली. ते गाणं ते असंच ऐकायचे.

मुख्याध्यापकांनी ते पाहिलं. आवाज थांबलेला, साउंडवाला मान खाली घालून उभा. आयुष्यभर कार्यक्रम केलेल्या माणसाला याचा एकच अर्थ कळतो. ते ताडकन उठले आणि मान खाली घालून उभे राहिले. अध्यक्ष उभे राहिले म्हटल्यावर सारा मांडव उभा राहिला. टोप्या उतरल्या. बायकांनी डोक्यावर पदर घेतले, पोरांच्या पाठीत धपाटे बसले.

"कोण गेलं?" मागून कुजबूज आली.

"कळंबचं कोणीतरी."

"चांगला माणूस होता," फुफाजी म्हणाले आणि त्यांनी खरोखर डोळे पुसले.

मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान वर केली होती. समोर अख्खा मांडव छत्रीवाल्यांची शांतता उभं राहून ऐकत होता. अगदी मनापासून, कोणी खोकतही नव्हतं. चाचांची दाढी थरथरत होती. हसू होतं की रडू, मला सांगता यायचं नाही. मलाच माझं सांगता येत नव्हतं.

मग शेवटचं गाणं सुरू झालं. चौघं तोंड मिटून गुणगुणतात, बस, एवढंच. शब्द नाहीत. खाली बसायचं की नाही हे कोणाला कळेना, कारण मुख्याध्यापक बसले नव्हते. सगळे तसेच उभे राहिले. गुणगुणणं हळू हळू बारीक होत गेलं.

चाचांचं बोट वर गेलं. "थांबा," ते साऱ्या मांडवाला म्हणाले. "आता येते."

आणि ते आलं.

खट्.

छत्री मिटल्याचा आवाज. पहिल्या अल्बमच्या कव्हरवर उघडलेली छत्री चौथ्याच्या शेवटी कोणीतरी मिटवली होती. अल्बम संपला.

बाबा खांबापासून हलले. "भाई, एवढंच?"

"एवढंच."

"येवढ्यासाठी इतके वर्षं बोट वर करून राह्यले?"

"भाऊ, मिटली ते पाह्यलं ना तुमी? सारे उभे होते तवा मिटली." चाचांनी सीडी काढली, सदऱ्याला पुसली, खोक्यात ठेवली. "आता पुरी तळा वैनी."

मुख्याध्यापकांनी भाषणात माझं कौतुक केलं आणि दिवंगताच्या कुटुंबाच्या दुःखात आपण सर्व सहभागी आहोत असं सांगितलं. कोणी खोडून काढलं नाही. पुऱ्या उत्तम झाल्या होत्या.

सामान गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चाचा उमरखेडच्या बसमध्ये बसले. मांडीवर सीड्यांचं खोकं. बाबा खिडकीखाली उभे राहून अजून वाद घालत होते, मशीनवालं गाणं एकदा नीट आयका म्हणून. बस हलली. चाचांनी खिडकीतून हात बाहेर काढला. आम्हाला वाटलं निरोपाचा असेल. नव्हता. बोट वर होतं. बस वळली तरी ते तसंच वर होतं, आणि कंडक्टर आत ओढा म्हणून ओरडत होता.

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. उमरखेडलाच. त्यांच्या मुलीने फोन केला तेव्हा बाबा एका मांडवात होते. दोरी बांधून झाली होती, पाहुणे यायचे होते, डीजेची गाडी अजून वाटेत होती. बाबा खाली उतरले आणि त्या रिकाम्या मांडवात मान खाली घालून उभे राहिले. बाकीच्या गड्यांनी विचारलं, कोण गेलं? बाबांनी बोट वर केलं, आणि सगळे गप्प उभे राहिले.

फुफाजी अजून मला विचारतात, त्या दिवशी कळंबचं नेमकं कोण गेलं होतं. मी सांगते, कोणी नाही. त्यांना ते पटत नाही.

घडलं ते एवढंच. आमच्या घरात पहिली पदवी आली, आणि त्याच दिवशी राळेगावात चौथा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजला. सगळ्यांनी ऐकला.